तांबडोहावरची गोड हाक

ऐका. जरा पुढं सरका. पाठीला थंडी लागत असेल तर घोंगडं ओढून घ्या, पण मधे बोलू नका. आणि ती ढलपी टाका की शेकोटीत, नुसता धूर करून ठेवलाय!

हां. तर ही गोष्ट काही कुणाच्या काकाच्या मेव्हण्याची नाही. जिच्यावर गुजरली तिनं तिच्या तोंडानं सांगितली. आमच्याच पडवीत बसून. आणि सांगता सांगता बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, मग पुन्हा बोलायची.

अंजिरा तिचं नाव. आपल्या घोलवाडीचीच लेक. दिली होती पार भिवंडीला. नवरा कापडाच्या मागावर कामाला. एक खोली, बाहेर गटार, आणि रात्रंदिवस त्या मागांचा खडखडाट. झोपेतसुद्धा खडखड, खडखड! वर्षाला एकदा यायची माहेरी, पण ती उन्हाळ्यात, पोरांना सुट्टी लागली की. उन्हाळ्यात आपल्या गावात काय असतं? धुरळा असतो. तिला आठवायचं ते हिवाळ्यातलं गाव. शाळूची कणसं दुधात आलेली, सकाळचं धुकं, चुलीपुढं बसून शेकायचं आणि मैत्रिणींशी बोलत राहायचं.

त्या वर्षी जाऊबाई म्हणाली, "पोरांना मी बघते, तू जाऊन ये." झालं! अंजिरानं पिशवी भरली आणि निघाली पौषात.

आता तिच्या मैत्रिणीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. झुंबर. ही दिली होती गावातच, चार घरं सोडून. आणि झुंबर म्हणजे काय सांगू तुम्हाला! तोंड असं की कावळासुद्धा तिच्या कौलावर बसायचा नाही. अंजिरा म्हणाली चिंच गोड आहे, की झुंबर म्हणणार आंबट आहे. अंजिरा म्हणाली पाऊस येतोय, की ही म्हणणार, तुला काय कळतंय, वारा सुटलाय. लहानपणापासून असंच. नदीवर भांडायच्या, रानात भांडायच्या, आणि एक दिवस एकमेकींशिवाय करमायचं नाही. अंजिरा सासरी निघाली तेव्हा सगळं गाव रडलं. झुंबर रडली नाही. गाडीमागं चालत चालत म्हणत राहिली, "पिशवीचं तोंड बांधलं नाहीस. सगळं सांडशील. कधी अक्कल येणार तुला!"

असो. तर अंजिरा निघाली. पण एसटी घाटात बंद पडली. दुपारी पोचायची ती फाट्यावर उतरली तेव्हा दिवस बुडालेला. हिवाळ्याचा दिवस, बुडाला की बुडालाच, लगेच अंधार. फाट्यावर मुबारकभाईचं चहाचं दुकान होतं. ते फळ्या लावत होते.

म्हणाले, "अगं अंजिरा, तुझा भाऊ आला होता गाडी जुंपून. हंबीर. लय वेळ बसला. गाडी काही येत न्हाई म्हणून परत गेला बिचारा."

"मग मी जाते चालत," अंजिरा म्हणाली.

"एकटी? माझ्या घरी चल. बेगम हाय, पोरी हायत. जेव, झोप, सकाळी जा."

"मुबारकभाई, या वाटांवर वाढले मी. डोळे झाकून जाईन."

ते म्हणाले, "बरं. पण सडकेनं जा, बंधाऱ्यावरनं. लांब पडंल, पडू दे. खालच्या नदीच्या वाटेला जाऊ नको. ऐकतीस न्हवं?"

"ऐकते, ऐकते," म्हणाली आणि चालायला लागली. आणि तिनं ऐकलंही होतं बरं का! मनात सडकच होती तिच्या. लोक म्हणतात आगाऊपणा केला. नाही. सडकेनंच निघाली होती.

चांदणं पडलेलं. दोन्ही अंगाला शाळू, माणसापेक्षा उंच. वारा नाही. कुठंतरी टिटवी ओरडली आणि गप्प झाली. अंजिराला काही भ्या वाटलं नाही. उलट तिला बरं वाटत होतं. किती दिवसांनी कानात खडखड नव्हती! नाकाला थंडी झोंबत होती आणि तिला हसू येत होतं. आईला आधी भेटावं की झुंबरला, एवढाच विचार.

चालता चालता ती बाभळीच्या वळणावर आली. तिथं सडक वर जाते आणि जुनी पायवाट खाली नदीला उतरते. तांबडोहाकडं. आणि तिथंच तिला आवाज आला.

घुंगरमाळ. छुम, छुम, छुम. बैलांच्या गळ्यातली. खालच्या वाटेनं.

अंजिरा थांबली. "हंबीरची गाडी!" बैल दिसत नव्हते, पण घुंगरमाळ तिच्या वडिलांच्या वेळेची होती. तिचं एक घुंगरू फुटकं, मधेच खर्र करायचं. छुम, छुम, खर्र. तोच आवाज! कसा नाही ओळखणार?

"हंबीर! ए हंबीर! थांब रे!"

माळ जरा थांबली. मग पुन्हा छुम, छुम. आणि अंजिरा उतरली की हो खाली!

आता बघा. बैलगाडी कधी त्या पायवाटेनं जाईल का? दोन माणसं शेजारी चालत नाहीत तिथं! पण तेव्हा सुचत नाही. डोहात जो आहे ना, त्याचं कसब तेच आहे. तो तुमच्या अंगावर धावून येत नाही. तुमच्या मनात जे असतं ना, तेच तुमच्यापुढं ठेवतो.

तिला वाटायचं, या वळणाला गाठते. वळण यायचं, माळ पुढच्या वळणाला वाजायची. पाय उचलावे तेवढी ती पुढं. घामेघूम झाली बाई, पौषाच्या थंडीत! आणि एकदम माळ बंद. जशी कुणी मुठीत धरली.

सगळं शांत. आणि मग वास आला. हुरड्याचा. गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजल्यावर येतो ना, तसा खरपूस वास. शाळूच्या पलीकडं तांबूस उजेड दिसला. माणसांचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी कणीस चोळतंय, कुणीतरी म्हणतंय, "अंजिराला ठेवा गं थोडा, ती येतीय."

तिच्या पोटात तर सकाळपासून अन्न नाही. ती घुसली शाळूत. पात्यांनी तोंड खरवडलं, तरी घुसली. पलीकडं निघाली तर काय? रिकामी जागा. ना आर, ना राख, ना माणूस. तिनं खाली वाकून माती चाचपली. थंडगार! दव पडलेलं मातीवर.

तेव्हा, म्हणाली, पहिल्यांदा मला बाभळीचं वळण आठवलं. आपण सडक सोडली हे ध्यानात आलं. ती मागं फिरली. पण ज्या वाटेनं आली ती वाटच सापडेना. इकडं शाळू, तिकडं शाळू. आणि समोर नदी. चांदण्यात चकाकणारा तांबडोह.

आणि डोहाच्या काठी, कपडे धुवायच्या दगडावर, एक बाई बसलेली. गुडघ्याला मिठी मारून. डोक्यावर पदर.

अंजिरा जागच्या जागी थिजली. बाईनं मान वळवली.

"आलीस गं? किती वेळची बसलेय तुझ्यासाठी."

झुंबर! झुंबरचाच चेहरा, झुंबरचाच आवाज, कपाळावर लहानपणी पडलेली खोकसुद्धा!

अंजिराचा जीव असा भांड्यात पडला. धावत जाऊन तिच्याशेजारी बसली. "अगं, तू इथं काय करतीस? मी वाट चुकले गं. हंबीरची गाडी ऐकली, मग कुठं गेली कोण जाणे."

"असू दे," झुंबर म्हणाली. "तुझी काय चूक त्यात? चल, मी नेते. पलीकडं गेलं की घरच."

दोघी काठाकाठानं चालू लागल्या. झुंबर पुढं, अंजिरा मागं. आणि अंजिराचं तोंड सुटलं. भिवंडीचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, सासूचं सांगितलं. म्हणाली, "झुंबर, तिथं मला माणूस नाही गं बोलायला."

"खरंय बाई तुझं. लय सोसलंस."

"मला वाटतं सोडून यावं सगळं."

"ये की. इथंच राहा. माझ्यापाशी."

अंजिराचे डोळे भरून आले. असं कुणी बोललं नव्हतं तिच्याशी. कित्येक वर्षांत नव्हतं! कुणी मायेनं बोललं की माणूस कसं ढिलं पडतं, बघा. ती चालत राहिली. पायाला पाणी लागलं तेव्हासुद्धा तिला काही वाटलं नाही. जुना उतारच तो. लहानपणी तिथनंच पलीकडं जायच्या. घोट्याएवढं पाणी, तळाची वाळू दिसते.

पण ऐका, इथं एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. खालचा नवा बंधारा तिनं पाहिला होता, पण उन्हाळ्यात, कोरडा. पावसाळा सरला की त्याच्या दारांत बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचे. मग मागं नदी तुंबायची. उन्हाळ्यात येणाऱ्या अंजिराला कोरडी नदी माहीत. पौषात त्या उतारावर दोन पुरुष पाणी असायचं, दोन पुरुष! आणि तिला दिसतेय वाळू. चांदण्यात चमकणारी, पिवळी, स्वच्छ वाळू.

आणि पाणी, म्हणाली, कोमट होतं. पौषात! आंघोळीला काढावं तसं कोमट.

गुडघ्याला आलं. मांड्यांना आलं. झुंबर पुढं चाललेली, हात मागं केलेला, "ये. ये गं." अंजिराला हसू आलं. म्हणाली, "झुंबर, आठवतं? इथंच तू मला ढकललं होतंस. माझी नवी परकर-चोळी भिजली आणि मार मलाच बसला. तुझ्यामुळं!"

तिकडनं आवाज आला, "होय गं. माझीच चूक होती."

अंजिराचा पाय थबकला.

माझीच चूक? झुंबर म्हणतेय? ही झुंबर? अहो, जन्मात त्या बाईनं कधी चूक कबूल केली नव्हती! त्या ढकलण्यावरून तर पंधरा वर्षं भांडल्या दोघी. झुंबरचं म्हणणं, मी ढकललं नाही, तूच आंधळ्यासारखी चालत होतीस. लग्नात भांडल्या त्यावरनं, बारशात भांडल्या. आणि आज, "माझीच चूक"?

तिनं दमानं विचारलं, "झुंबर, चिंच गोड असती का गं?"

"तू म्हणशील तशी असती."

संपलं! आणि त्याच क्षणी पाण्यातला कोमटपणा गेला. बर्फासारखं पाणी, पार कमरेच्या वर! वाळू नाही, काही नाही. काळं पाणी. पायाखाली चिखल, आणि तो चिखल सरकतोय पुढं, खोलात.

समोरची झुंबर तशीच उभी. पाण्यावर. पदर कोरडा.

अंजिरा मागं वळली. पण काठ कुठला? मागंही दिवे, पुढंही दिवे. या अंगाला गाव, त्या अंगाला गाव. इकडनं आई हाक मारतेय, "अंजे, ये गं बाळा." तिकडनं हंबीर हाक मारतोय, "ताई, इकडं ये." सगळे मायेनं. सगळे गोड. वळावं तिकडं हात पुढं! आणि पायाखालचा चिखल तसूतसूनं निसटतोय. पाणी छातीला आलं. देवाचं नाव घ्यावं तर दात इतके वाजतात की तोंडातनं शब्द फुटेना.

आणि तेवढ्यात—

"अगं ए भवाने! पाण्यात काय करतीस? मरायचंय व्हय तुला?"

ऐकलंत? ही हाक वेगळी! खणखणीत, खरखरीत, कानाचे पडदे फाडणारी. अंजिरा तिकडं वळली.

पण तोही काही कमी नव्हता. लगेच दुसऱ्या अंगानं तोच आवाज आला. "अगं ए भवाने... पाण्यात काय करतीस..." शिकला बघा! त्यानंसुद्धा शिवी उचलली! शब्द तेच, आवाज तोच. आता कुठं जायचं? दोन झुंबरा. एक या अंगाला, एक त्या अंगाला. चुकीचं पाऊल पडलं की डोह.

पण अंजिरानं डोकं चालवलं. होता नव्हता तेवढा जीव गोळा केला आणि ओरडली, "झुंबर! तुझी भाकरी कायम जळकीच असती!"

डावीकडनं आवाज आला, मऊ, "होय गं. जळकीच असती."

आणि उजवीकडनं? उजवीकडनं आगीचा डोंबच उठला! "जळकी? माझी भाकरी जळकी? तुझ्या सासूला विचार तुझी कशी असती ते! पाण्यात गळ्याएवढी उभी हाय आणि माझ्या भाकरीला नावं ठेवतीय! बाहेर ये, मग दाखवते तुला! तिकडं नको सरकू, म्हसरे, खड्डा हाय तिकडं! इकडं! माझ्या आवाजाकडं!"

अंजिरानं डोळे मिटले आणि त्या शिव्यांच्या रोखानं अंग झोकून दिलं. पाणी नाकातोंडात गेलं. पायाला काहीतरी लागलं, थंड, केसासारखं, घोट्याभोवती फिरलं. तिनं पाय झाडला. आणि हाताला कापड लागलं. पटका! हंबीरनं डोक्याचा पटका सोडून फेकला होता. तिनं तो मनगटाला गुंडाळला, आणि त्या दोघांनी ओढलं तिला, लाकडाचा ओंडका ओढावा तशी, काठावर.

झुंबरनं काय करावं? आधी दिली एक थोबाडीत. मग गळ्यात पडली आणि अशी रडली, अशी रडली की हंबीर घाबरला.

झालं होतं असं की हंबीर एकटाच परत आलेला बघून झुंबर त्याच्यावर तुटून पडली होती. "गाडीला उशीर झाला असंल, तुम्हाला बसवलं न्हाई व्हय जरा वेळ? चला, कंदील घ्या." तिनं त्याला सडकेनं फाट्यावर नेलं. मुबारकभाई म्हणाले, अंजिरा तर मघाच निघाली. सडकेवर भेटली नाही म्हणजे खाली गेली, हे झुंबरनं ओळखलं आणि पायवाटेनं पळत सुटली. कंदील मागं, ही पुढं.

घरी आणली. आईनं कोरडं लुगडं नेसवलं, चूल पेटवली, सुंठेचा काढा दिला. झुंबर तिचे तळवे चोळत बसली आणि तोंडानं चालूच. कुणी सांगितलं होतं खाली जायला, डोकं भिवंडीत ठेवून आलीस का. अंजिरा ऐकत होती, हसत होती, कुडकुडत होती. मग तिनं सगळं सांगितलं. घुंगरमाळ, हुरडा, दगडावरची बाई.

आई हळूच म्हणाली, "गिऱ्हा तो." पाण्यातलं भूत. कुणी म्हणतं बुडालेला वाटसरू, घरी जाता जाता राहिलेला. कुणाला ठाऊक?

झुंबरचे हात थांबले. विचारलं, "माझं रूप घेतलं त्यानं? काय बोलत होते मी?"

"लय गोड बोलत होतीस."

झुंबरनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आणि तरीसुद्धा तुला कळायला पाणी कमरेला यावं लागलं?"

त्यावर आईसुद्धा हसली. त्या घरात, त्या रात्री!

पुढं अंजिरा पंधरवडाभर राहिली. ताप आला दोन दिवस, उतरला. हुरडा झाला, जुन्या मैत्रिणी जमल्या, रानात बसून झुंबरशी भांडणं झाली. परत निघाली तेव्हा झुंबर तिला सोडायला फाट्यापर्यंत गेली. दिवसाउजेडी, सडकेनं. त्यानंतर अंजिरा दरवर्षी हिवाळ्यात येत राहिली. चुकवलं नाही एकही वर्ष.

झुंबर गेली मागं. तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. काविळीनं गेली. अंजिरा मातीला पोचू शकली नाही. आली ती पौषातच, नेहमीसारखी. भाचा गाडी घेऊन गेला होता तिला आणायला. बाभळीच्या वळणावर ती म्हणाली, "जरा थांबव रे." संध्याकाळ झालेली. खालनं नदीचा गारवा येत होता.

आणि हाक आली. खालनं. "अंजे... ये गं. किती वेळची बसलेय."

भाच्याला ऐकू आली नाही, तिला आली. मला म्हणाली, "तोच आवाज हो. तंतोतंत. आता जगात दुसरीकडं कुठंच नाही तो आवाज." एक पाय तिनं गाडीखाली टाकलासुद्धा होता. उतरली असती. मला म्हणाली, खोटं कशाला सांगू, उतरावंसंच वाटलं.

पण ती थांबली. वाट बघितली तिनं. हाकेमागनं एखादी शिवी येते का, म्हणून. एवढीशी, एक. ती नाही आली. पुन्हा तेच, "ये गं, ये."

तिनं पाय वर घेतला. भाच्याला म्हणाली, "हाक गाडी." आणि घर येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसली.

तर पोरांनो, बायांनो, ऐका माझं. आता तिथं विजेचा खांब आलाय, पायवाट निम्मी मोडलीय, सगळं खरं. पण दिवस बुडाल्यावर बाभळीच्या वळणावरनं खाली उतरायचं नाही. शहरातनं येणाऱ्या तुमच्या माणसांना तर आवर्जून सांगा. घरची ओढ असते त्यांच्या मनात, तो नेमकं तेच धरतो. कितीही आपला आवाज वाटला, कितीही ओळखीचा, उतरायचं नाही. सडकेनं यायचं, बंधाऱ्यावरनं. उशीर झाला तर होऊ दे, भाकरी झाकून ठेवलेली असते.

चला, उठा आता. आर विझवा नीट, पाणी टाका वर. आणि जाताना सगळे मिळून जा, वरच्या वाटेनं.